वरच्याची मोरी, खालच्याची घागर

भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, अंभोऱ्याला, वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम आहे. संगमाकाठच्या टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मराठीतील आद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, तो 'विवेकसिंधू' मुकुंदराजांनी शके १११० मध्ये येथेच रचला, अशी वैदर्भीयांची दृढ श्रद्धा आहे. हा मान आंबेजोगाईचा की अंभोऱ्याचा, हा वाद जुना असून तो विद्वानांनी खुशाल चालवावा. महाशिवरात्रीच्या यात्रेत येथे उतरणारा भाविक मात्र त्या वादात पडत नाही. तो नदीत उभा राहतो, ओंजळ भरून घेतो, डोळे मिटतो आणि आचमन करतो.

त्या ओंजळीत काय असते, हा प्रश्न विचारणे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. उलट तो न विचारणे हीच नदीशी केलेली प्रतारणा आहे. कारण त्या ओंजळीत एका महानगराचे सांडपाणी असते.

नागाचा प्रवास

लाव्हा परिसरातील टेकड्यांतून उगम पावणारी नाग नदी ज्या शहराला आपले नाव देते, त्या शहराने तिला त्याबदल्यात काय दिले? नागपूरच्या मध्यवस्तीतून वाहताना ती पावलोपावली नाले आणि गटारे पोटात घेत जाते. शहराच्या पूर्वेला पिली नदी तिला मिळते आणि दोघींचे एकवटलेले पाणी पुढे कन्हानच्या स्वाधीन होते. कन्हान ते वैनगंगेला देते. नागपूरच्या सांडपाण्याचा मोठा भाग अनेक वर्षे कोणत्याही प्रक्रियेविना या मार्गाने गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले. सर्व राज्यांत सर्वाधिक. त्या त्रेपन्नांत कन्हानही होती आणि वैनगंगाही होती.

यातील विसंगती अशी, की नागपूर पाण्याच्या बाबतीत अडाणी शहर नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', १९५८ पासून याच नगरीत आहे. सांडपाणी कसे शुद्ध करावे, हे देशाला शिकविणारे शास्त्रज्ञ येथे राहतात. शहराचे काही सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविण्याची योजनाही याच शहराने प्रत्यक्षात आणली आणि तिचे देशभर कौतुक झाले. याचा अर्थ, ज्ञान आहे, तंत्र आहे आणि मनात आणले तर कर्तृत्वही आहे. मग उरते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे खालच्या माणसाविषयीची बेफिकिरी.

हा शब्द कठोर वाटेल. परंतु नकाशा समोर ठेवून पाहावे. नागपूर आपले पिण्याचे पाणी कोठून घेते? पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. कन्हानमधील पाणी उचलण्याची जागा नाग नदी तिला मिळते त्याच्या वरच्या बाजूला आहे. म्हणजे स्वच्छ कन्हान नागपूरची आणि मलीन कन्हान भंडाऱ्याची, अशी ही वाटणी आहे. ती कोणी ठराव करून केलेली नाही. तिच्याविरुद्ध ठराव करण्याची गरज मोठ्या शहराला कधी वाटली नाही, इतकेच. स्वतःच्या मोरीखाली घागर धरण्याची पाळी ज्याच्यावर येत नाही, त्याला मोरीची दुर्गंधीही येत नाही.

थांबलेली नदी

यावर एक जुने समाधान नेहमी पुढे केले जाते. नदी मोठी आहे, वाहते पाणी आपोआप निर्मळ होते, मग एवढा आक्रोश कशासाठी? वाहते पाणी काही अंशी निर्मळ होते, हे खरेच आहे. खडकांवरून धावताना पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि त्याच्या साहाय्याने सूक्ष्मजीव घाण पचवितात. पण त्यासाठी नदी वाहती असावी लागते, आणि वैनगंगा आता त्या पट्ट्यात पूर्वीसारखी वाहत नाही.

पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न दाखविणाऱ्या या धरणाची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. विदर्भाच्या शेतकऱ्याचा पाण्यावर हक्क आहे आणि त्याने तो फार उशिरा मिळविला. परंतु धरणात पाणी अडविले जाईल, त्याचा फुगवटा मागे सरकेल, आणि या साठ्यातच नागपूरचे सांडपाणी येऊन पडेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नव्हता. अंभोऱ्याचा संगम धरण आणि भंडारा शहर यांच्या मध्ये आहे. पूर्वी कन्हानने आणलेली घाण खाली वाहून जात असे. आता ती साठते, संथ होते आणि फुगवट्याबरोबर मागे, थेट भंडारा शहराच्या अंगाला येते. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. छायाचित्रात ते रम्य दिसतात. प्रत्यक्षात ते नदीच्या रोगाचे लक्षण असतात, कारण सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हेच त्यांचे खाद्य. आणि याच वैनगंगेवर भंडारेकरांची तहान अवलंबून आहे.

अशा उलट्या प्रवाहाचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पात्राने दिशा बदलली आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेकडे सरकले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूंचे रोग वाढले नाहीत. पण काविळीचे विषाणू त्या मात्रेला पुरून उरले. १९५६ च्या प्रारंभापर्यंत दिल्लीत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. पुढे तपासाअंती ती हिपॅटायटिस-ई या विषाणूची साथ ठरली. महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. विणकरांचे शहर असलेल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि तिने बळी घेतले. तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, समित्या बसल्या. साथ ओसरली तसा आवेशही ओसरला.

जलशुद्धीकरण केंद्र गढूळ पाणी निवळण्यासाठी असते, महानगराचे मैलापाणी पचविण्यासाठी नसते, हा दिल्लीचा आणि इचलकरंजीचा बोध आहे. तो भंडाऱ्याने साथ आल्यावरच शिकावा काय?

मंजुरी म्हणजे शुद्धी नव्हे

नाग नदीसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राने मंजुरी दिली. तीन प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता दररोज ९ कोटी २० लाख लिटर आणि सुमारे ५०० किलोमीटर मलवाहिन्या, असे त्याचे स्वरूप आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु मंजुरीच्या बातमीने नदी निर्मळ होत नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा या देशात १९७४ पासून आहे. त्या कायद्याला ५० वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात एक पिढी आजोबा झाली. नदीत घाण सोडण्यास मनाई करणारा कायदा अस्तित्वात असताना नदीत घाण जात राहते, तेव्हा दोष कायद्याच्या अभावाचा नसतो. दोष, तो मोडणारा बलवान आहे आणि सोसणारा दुर्बल आहे, या परिस्थितीचा असतो. एखाद्या खेड्यातील गिरणीने ओढ्यात राख टाकली तर तिला नोटीस जाते. महानगर नदीत मैला सोडते, तेव्हा त्याला निधी दिला जातो.

आणि नदीचा अपमान शेवटी अपमान करणाऱ्याच्याही दारात येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. पात्र आवळून जिची गटार केली, ती नदी त्या रात्री आपली जागा मागायला घराघरांत शिरली होती.

ज्याने त्याने आपापले?

या साऱ्यावर अलीकडे एक सोपे उत्तर रूढ झाले आहे. शुद्ध पाणी हवे? यंत्र बसवा! भिंतीवर आर.ओ.चे यंत्र लावले, दारात वीस लिटरचा जार आला, की प्रश्न मिटला. बाजाराने प्रत्येक घराला आपले स्वतंत्र जलशुद्धीकरण केंद्र विकले आणि समाजाने ते प्रगती समजून विकत घेतले.

या उपायाचा हिशेब मांडला पाहिजे. आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ रोजी, जेथे पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे या यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, ते याच नासाडीमुळे. सीलबंद नसलेल्या थंड पाण्याच्या जारवर तपासणीची तारीख नसते आणि तपासणाऱ्याचे नावही नसते. पाणी थंड असणे म्हणजे शुद्ध असणे, हा समज विक्रेत्याच्या सोयीचा आहे.

परंतु पैसा आणि नासाडी यांहून मोठी हानी वेगळीच आहे. गावातील डॉक्टर, वकील, व्यापारी, अधिकारी आणि पत्रकार यांच्या स्वयंपाकघरात यंत्र लागले, की नदीसाठी बोलणारा आवाज बंद होतो. ज्यांचे म्हणणे जिल्हाधिकारी ऐकतो, ज्यांचे पत्र मंत्र्यापर्यंत जाते, ते सारे एकेक करून नळाच्या पाण्यापासून मुक्त होतात. मागे उरतो तो नळाखेरीज दुसरा आधार नसलेला माणूस, आणि त्याचे ऐकणारा कोणी उरत नाही. यंत्राने त्या घराचे पाणी शुद्ध झाले असेल; पण गावाची एकजूट त्याच गाळणीत अडकून राहिली. एकाच विहिरीचे पाणी पिणारा समाज त्या विहिरीची राखण करतो. प्रत्येकाचे पाणी वेगळे झाले, की विहीर कोणाचीच राहत नाही.

आंधळगावचा प्रश्न

नागपूरकडे बोट दाखविणे सोपे आहे, आणि वर दाखविल्याप्रमाणे ते आवश्यकही आहे. पण न्याय एकतर्फी असू नये. त्यासाठी भंडाऱ्याहून उत्तरेला, मोहाडी तालुक्यातील आंधळगावकडे वळावे. हे विणकरांचे गाव. कोशट्यांचे माग, टसरचे रेशमी धागे आणि काठाच्या साड्या ही त्याची ओळख. हे गाव अंभोऱ्याच्या संगमाच्या वरच्या बाजूला असल्याने नागपूरचे सांडपाणी येथवर येत नाही. मग अशा गावांतील पाणी आपोआप निर्धोक ठरते काय?

तसे ठरत नाही. जेथे दुसऱ्याची मोरी नसते, तेथे स्वतःची असते. विदर्भातील कोणतेही मोठे खेडे घ्यावे. विहिरीला लागून उकिरडा, हातपंपाभोवती साचलेले डबके, आणि शौचालयाचा शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीपासून हातभर अंतरावर. पाण्याच्या स्रोतापासून असा खड्डा किमान १० ते १५ मीटर दूर असावा, हा साधा नियम घर बांधताना किती जणांना सांगितला जातो? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाने वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ या वैदर्भीय जिल्ह्यांची नावे नायट्रेटच्या संदर्भात घेतली आहेत. हे नायट्रेट खतातून येते, तसेच शेणामुतातून आणि मैल्यातूनही येते. ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपलीकडे गेले की पाणी पिण्यायोग्य राहत नाही. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला तर ते विशेष घातक. आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. 'आम्ही उकळून पितो' हे समाधान येथे उपयोगाचे नाही.

नळ आला म्हणून धोका टळला, असेही नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील घराघरांत नळ नेण्याचा संकल्प केला. पण दाब कमी पडतो म्हणून लोक दारात खड्डा खणून नळ खाली उतरवितात. त्याच खड्ड्यात सांडपाणी मुरते. मग कोणी टिल्लू पंप लावतो. पंपाची ओढ शेजाऱ्याचे पाणी पळविते आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणीही वाहिनीत खेचून घेते. ओल्या फरशीवर, अर्थिंग नसलेला, उघड्या वायरीचा हा पंप घरातील बाईच्या हाताशी असतो. चार घागरी जास्त मिळविण्याच्या नादात विजेचा धक्का बसून संसार उघडा पडतो. झाकण नसलेल्या टाक्यात रांगते मूल पडते. उन्हाळ्यात जुनी विहीर उपसायला उतरलेला माणूस साठलेल्या वायूने गुदमरतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. पाण्याची शुद्धता आणि घराची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय सरकारी कार्यालयांत असतील. घरात ते एकाच मोरीपाशी भेटतात.

याला उपाय नाहीत, असे नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद जल जीवन मिशनमध्ये आहे. प्रश्न असा, की गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे त्या गावातील किती घरांना ठाऊक आहे? टी.सी.एल. पावडरचे पोते उघडे राहिले की त्यातील क्लोरीन उडून जातो आणि पाण्यात पांढरी भुकटी टाकल्याचे पुण्य तेवढे पदरी पडते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, ही दोन मिनिटांची चाचणी कोणी रोज करते काय? चाचणीच झाली नाही, तर नोंदवहीतील 'पाणी योग्य' हा शेरा कोणत्या डोळ्यांनी लिहिला जातो? गावाच्या नावात आंधळेपण असले म्हणून बिघडत नाही. ते वहीत असले की माणसे मरतात.

जुना सांडवा, नवा न्याय

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आजही तेथील भातशेती जगवितात. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला मिळावा, अशी त्यांची रचना असे. वरचा जे सोडील ते खालच्याच्या उपयोगी पडावे, हे त्या अनाम स्थापत्यकारांचे गृहीतक होते. त्यांनी नीरीसारखी संस्था पाहिली नव्हती, पण खाली माणूस राहतो हे त्यांना माहीत होते. आजच्या महानगराला नेमके याचेच विस्मरण झाले आहे, आणि आजच्या खेड्यालाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. नाग नदी कन्हानला मिळते तेथील आणि अंभोऱ्याच्या संगमातील पाण्याची तपासणी दरमहा व्हावी, आणि तिचे आकडे नागपूर व भंडारा या दोन्ही शहरांतील चौकांत फलकांवर लागावेत. भंडाऱ्याच्या नळाचे परीक्षण केवळ फाइलीत न राहता नागरिकांपुढे यावे. प्रत्येक ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा अहवाल मोठ्याने वाचला जावा, आणि तपासणी संच कपाटात न ठेवता त्या पाच महिलांच्या हाती द्यावा. दारातला खड्डा बुजवावा, टिल्लू पंप काढावा, शोषखड्डा विहिरीपासून दूर न्यावा. यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि महानगरांसाठी तर एकच नियम पुरेसा आहे. प्रत्येक शहराने आपले पिण्याचे पाणी आपल्याच सांडपाण्याच्या मुखाच्या खालून उचलावे. असा नियम उद्या झाला, तर दुसऱ्या दिवशी निधी सापडेल, तिसऱ्या दिवशी यंत्रे येतील आणि ५० वर्षे न झालेले काम पाच वर्षांत होईल.

नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिची आरती अवश्य करावी. परंतु आरतीचे तबक हाती घेण्यापूर्वी आपल्या घराची मोरी कोठे जाते, याची एकदा चौकशी करावी. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात घागरी घडविणाऱ्या हातांची कमतरता कधीच नव्हती. त्या घागरीत काय भरले जाईल, हे मात्र अजूनही नदीच्या वरच्या अंगाला ठरते.